पालकाचा अर्क लाल का चमकत नाही?

हरितकण
पालकाची १० ग्रॅम पानं २० मिली अ‍ॅसिटोनमध्ये घोटून गाळली. अर्क गर्द हिरवा आला. ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च मारला तर काचेलगत तेवढी तांबूस कड दिसते, आत अंधारच. शिवाय दुसऱ्या दिवशी रंग शेवाळी-तपकिरी झाला. कुठे चुकतंय?

पर्णदीप
कड दिसतेय म्हणजे चमक आहे. अर्क फार दाट झालाय. जांभळा प्रकाश काचेजवळच शोषला जातो, आत पोचतच नाही. पानातल्या हिरव्या क्लोरोफिलमधून जो लाल उजेड निघतो (सुमारे ६७० नॅनोमीटर), तोही वाटेत दुसरं क्लोरोफिल गिळतं, कारण त्याचा शोषणपट्टा ६६२ ला, म्हणजे अगदी शेजारी आहे. एक भाग अर्काला १० ते २० भाग अ‍ॅसिटोन घाला. पाणी नको. पाणी वाढलं की रेणू एकमेकांना चिकटतात, द्रव गढूळतो आणि चमक मरते. टॉर्च एका बाजूने, नजर त्याला काटकोनात, मागे काळा कागद.

तपकिरी रंग पानातल्या आम्लामुळे. ते क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम काढून टाकतं आणि फिओफायटिन उरतं. घोटतानाच चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाका, बाटली अंधारात, थंड जागी ठेवा. फिओफायटिनही लालच चमकतं, तेव्हा चमक आहे म्हणून अर्क ताजा आहे असं धरू नका.

थर्माकोलचा पेला वापरू नका, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. जवळपास ज्योतही नको.

हरितकण
पातळ केल्यावर सगळी नळी लाल दिसली! पण अख्ख्या पानावर टॉर्च मारला तर जवळजवळ काहीच नाही. आणि स्पिरुलिनाची (निळ्या-हिरव्या शेवाळाची) पूड याच पद्धतीने चालेल का?

प्रकाशवेध
पानात शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाला आणि उष्णतेला जाते, चमकीच्या वाट्याला साधारण १-२ टक्के. विद्रावात ती उचलणारं कोणी नसतं, म्हणून सुमारे ३० टक्के. पान २० मिनिटं अंधारात ठेवा, मग निळा एलईडी लावून गडद लाल फिल्टरमधून बघा. चमक सेकंदाभरात चढते आणि पुढची काही मिनिटं उतरत जाते. काउट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवलेला परिणाम तो हाच. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. कॅमेऱ्यातला अवरक्त-रोधक फिल्टर गडद लालही बराच कापतो.

स्पिरुलिनाचं क्लोरोफिल अ‍ॅसिटोनमध्ये येईल, निळं फायकोसायनिन येणार नाही. ते प्रथिनाला जोडलेलं, पाण्यात उतरणारं. १ ग्रॅम पूड ५० मिली गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वरचं निळं पाणी अलगद ओता. गरम पाणी घातलंत तर प्रथिन बिघडून निळाई आणि चमक दोन्ही जातात. याचा शोषणबिंदू ६२० च्या आसपास, त्यामुळे जांभळ्या टॉर्चपेक्षा नारिंगी एलईडी सरस.