'नमुन्यातील कमाल' की 'नमुना-महत्तम'?

प्रश्न : संख्याशास्त्राचं एक टिपण मराठीत आणते आहे. त्यात 'सॅम्पल मॅक्सिमम'चं, म्हणजे नमुन्यातल्या सर्वांत मोठ्या किमतीचं, संभाव्यता वितरण (कोणती किंमत येण्याची शक्यता किती ते) काढलंय. मी 'नमुन्याची कमाल किंमत' असं लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, "फाशाची कमाल किंमत ६ ठरलेलीच आहे, मग तिचं वितरण कसलं?" शब्द चुकला का?

उत्तर : चुकला नाही, पण मैत्रीण योग्य जागी अडखळली. 'कमाल' मराठीत दोन अर्थांनी चालतो. 'कमाल मर्यादा' म्हणजे जिच्यापुढे जाता येत नाही ती. तिथवर कुणी पोचलंच पाहिजे असं नाही. 'कमाल तापमान' म्हणजे प्रत्यक्ष नोंदलेल्यांतलं सर्वांत वरचं. फाशाची पहिल्या अर्थाची कमाल ६, ती हलत नाही. पण तीन फासे टाकून २, ४, १ पडले तर नमुन्यातली कमाल ४. पुन्हा टाकले की कदाचित वेगळी. म्हणजे ती स्वतःच यादृच्छिक चल (योगायोगाने किंमत ठरणारी राशी) आहे, म्हणून तिला वितरण आहे. मी 'नमुना-महत्तम' लिहीन आणि 'कमाल' हा शब्द मर्यादेसाठी राखून ठेवीन.

वितरण काढण्याची किल्लीही मला भाषेतच दिसते. 'महत्तम जास्तीत जास्त ४' याचा अर्थ 'तिन्ही आकडे जास्तीत जास्त ४'. फासे स्वतंत्र, म्हणून संभाव्यता ४/६ चा घन, म्हणजे ६४/२१६. महत्तम नेमका ४ हवा असेल तर ३ पर्यंतचे २७/२१६ वजा करा, उरले ३७/२१६. एकाच वितरणातून आलेली स्वतंत्र निरीक्षणं 'न' इतकी असतील तर एका निरीक्षणाच्या संचयी वितरण फलाचा (किंमत जास्तीत जास्त अमुक असण्याची संभाव्यता सांगणाऱ्या फलाचा) न-वा घात म्हणजे महत्तमाचं संचयी फल. वितरण संतत असेल, म्हणजे मधल्या सगळ्या किमती शक्य असतील, तर विकलन केलं की घनता (कोणत्या किमतीजवळ संभाव्यता किती दाट आहे ते) मिळते. 'सर्व' हा शब्द सापडला की गणित सुटलंच. 'निदान एक तरी' या बाजूने सुरुवात केली तर उगाच लांबण लागते.

प्रश्न : महत्तम त्या मर्यादेच्या किती जवळ जातो, हे सांगता येतं का?

उत्तर : ० ते १ मधल्या एकसमान वितरणात, म्हणजे तिथली प्रत्येक किंमत सारखीच शक्य असताना, अगदी स्वच्छ दिसतं. महत्तमाची सरासरी न/(न+१) येते. ९ निरीक्षणांना ०.९, ९९ निरीक्षणांना ०.९९. कमाल मर्यादा १ जागची हलत नाही, महत्तम तिच्याकडे सरकत राहतो. तुमच्या मैत्रिणीला हेच उदाहरण द्या. 'कमाल'चे दोन्ही अर्थ एकाच रेषेवर वेगवेगळे दिसतील.

आणखी एक : 'महत्तम' म्हटलं की मसावि आठवतो, पण त्याने घोटाळा होत नाही, संदर्भ वेगळा असतो. जोडीचा शब्द मात्र 'लघुतम' लिहा, 'लघुत्तम' नव्हे. 'महत्' शब्दातच त् आहे म्हणून 'महत्तम' मध्ये तो दुहेरी होतो. 'लघु' मध्ये तो नाही.

प्रश्न : मी सगळीकडे 'लघुत्तम'च लिहून ठेवलंय! आज बसून बदलते.