चित्र काढता येत नसतं तर गॅलिलिओला चंद्रावरचे डोंगर दिसले असते का?

निळीशाई: माझं मत, नसते दिसले. १६०९ च्या जुलैत इंग्लंडात थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र बघून चित्र काढलं, गॅलिलिओच्याही काही महिने आधी, आणि चित्रात काय तर उजेड-अंधाराची एक वाकडीतिकडी कड अन् थोडं गिचमिड. गॅलिलिओचा हात छायाप्रकाशाच्या रेखाटनात बसलेला, त्याला अंधाऱ्या भागात सुटे चमकते ठिपके दिसले, ते हळूहळू वाढत जाऊन उजेडाला मिळाले, आणि त्याने ताडलं की हे शिखरांवर पडलेलं सकाळचं ऊन आहे.

तर्कट: अहो, अर्धीच गोष्ट सांगितलीत. हॅरियटची दुर्बीण सहापट, गॅलिलिओची वीसपट! माझा चष्मा काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं तुला चित्रकला येत नाही म्हणून दिसत नाही 😀 आणि डोंगरांची उंची काढली ती भूमितीने, ठिपका उजेडाच्या कडेपासून किती लांब आहे त्यावरून. ब्रश आला कुठे यात?

निळीशाई: बरं, दुर्बिणीचं मान्य. मग मेंदूच्या पेशींची चित्रं काढणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल घ्या. गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने मेंदूच्या पेशी रंगवायची पद्धत काढली, काहालने तीच वापरली, म्हणजे उपकरणाचा वाद मिटला. गॉल्जीला एक सलग जाळं दिसलं, काहालला सुट्या सुट्या पेशी. काहालला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, बापाने होऊ दिलं नाही, पण हात तोच ना! १९०६ चं नोबेल दोघांना वाटून मिळालं आणि गॉल्जी तिथल्या भाषणातही जाळंच धरून बसला.

आगाऊ_कार्टं: बक्षीस एकत्र आणि भाषणात भांडण, भारीच 😂

तर्कट: किस्सा जबरी आहे, पण गॉल्जीसुद्धा सुरेख चित्रं काढायचा हो, आणि चुकला. पेशींमध्ये खरंच फट आहे हे पक्कं झालं १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने. तोवर काहालचं चित्र म्हणजे एक चांगला अंदाज.

निळीशाई: अंदाज तर अंदाज, पण ती फट शोधायला हवी हे त्या मायक्रोस्कोपवाल्यांना सांगितलं कुणी?