न्यू यॉर्कच्या जुन्या सिनेगॉगमध्ये कार्यक्रम ऐकायचाय, आईबाबांना कधी आणि कुठे न्यावं?

रेवदंडेकर_जर्सी
आईबाबा सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे एडिसनला आहेत. टाइम्स स्क्वेअर वगैरे मागच्या खेपेला झालं. आई रेवदंड्याची, शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, घरं होती, त्यांच्याकडच्या मलिदा या धार्मिक विधीतल्या पोह्यांची आठवण अजून काढते. म्हणून मॅनहॅटनमधलं एल्ड्रिज स्ट्रीटचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दाखवायचं डोक्यात आहे. पण नुसतं छत बघून अर्ध्या तासात बाहेर, असं नको. काही गाणं-बजावणं असेल तेव्हाच जाऊ. बाबांना इतिहास लागतो, आईला गाणं. आईचे गुडघे दुखतात. आम्हाला शनिवार सोयीचा. यिडिश-हिब्रू कुणालाच येत नाही.

चहाबाज
शनिवार विसरा. शब्बाथ असतो, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, म्हणून तिथलं संग्रहालय बंद. आत आजही प्रार्थनेला लोक जमतात, ती जागा नुसतं संग्रहालय झालेली नाही.

जूनमधला एखादा रविवार जमत असेल तर त्यांचा रस्त्यावरचा फेस्टिव्हल गाठा : 'एग रोल्स, एग क्रीम्स अँड एम्पनाडास'. फुकट असतो. ज्यू वस्ती पांगली आणि त्या गल्लीत आता चायनाटाउन आहे, म्हणून क्लेझमर, चिनी ऑपेरा आणि पोर्तो रिकोचं संगीत एकाच दुपारी ऐकायला मिळतं. एका बाजूला बायका माहजाँग हा सोंगट्यांचा चिनी खेळ खेळत असतात, दुसरीकडे हिब्रू अक्षरं गिरवणारा बसलेला. आई शाकाहारी असतील तरी एग क्रीम बिनधास्त द्या, त्यात ना अंडं ना क्रीम. दूध, चॉकलेट सिरप आणि सोडा. माझ्या सासऱ्यांनी एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला, ती गोष्ट वेगळी.

मंद्रसप्तक
गुडघे दुखणाऱ्या बाईंना जूनच्या उन्हात रस्त्यावर उभं करू नका हो. आतली मैफल बघा. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नकार्यातलं संगीत, क्लॅरिनेट आणि व्हायोलिन. क्लॅरिनेट अक्षरशः हुंदके देतं आणि पुढच्याच मिनिटाला नाचायला लावतं. शब्द कळायची गरजच पडत नाही. लाकडी बाकांवर बसून, त्या उंच छताखाली ते ऐकणं निराळंच.

गाण्याचा मान तिथे पहिल्यापासून आहे. १८८७ मध्ये सिनेगॉग उघडलं तेव्हा मंडळी बहुतेक फेरीवाले, शिंपी, छोटे दुकानदार. पण प्रार्थना गायला त्यांनी पिंखस मिंकोव्स्की हे नावाजलेले हझ्झान (प्रार्थना गाणारे) थेट ओडेसाहून बोलावले.

बाबांसाठी : १९२४ च्या अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याने नवे लोक यायचे जवळजवळ थांबले, जुने दुसरीकडे राहायला गेले. पन्नासच्या दशकात मुख्य सभागृह बंद झालं आणि उरलेले लोक खालच्या मजल्यावर प्रार्थना करू लागले. वर छत गळत होतं, कबुतरं राहत होती. दुरुस्तीला वीस वर्षं आणि जवळजवळ दोन कोटी डॉलर लागले, २००७ ला काम संपलं. भिंतीचा एक तुकडा मुद्दाम पडका ठेवलाय, तो विचारून बघा. प्रार्थनेत डुलणाऱ्यांच्या पायांनी फळ्यांना खळगे पडलेत, तेही. पूर्वेच्या मूळ गोल खिडकीचं चित्र कुठे सापडेना, म्हणून २०१० मध्ये कलाकार किकी स्मिथ आणि आर्किटेक्ट डेबोरा गान्स यांनी नवीच केली, निळी, ताऱ्यांची. काहींना ती जुन्या वास्तूत खटकते. मला अजिबात नाही.

शनवारतेली
मी बेने इस्रायल, मूळ अलिबागकडची. आईंना आधीच सांगून ठेवा की आपल्याकडचं काही तिथे सापडणार नाही. ना मलिदा, ना आमचं मराठी कीर्तन. तो पोलंड-रशियाकडच्या ज्यूंचा वारसा, आमचे आजीआजोबा तिथे आईंइतकेच परके ठरले असते.

मी असते तर जोडीला ब्रूम स्ट्रीटवरचं केहिला केदोशा यानिना हे सिनेगॉग दाखवलं असतं. १९२७ चं, छोटंसं, ग्रीसमधल्या रोमानियोत ज्यूंचं. हे लोक अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातले ज्यू) नाहीत आणि सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालचे) ही नाहीत, चालीरीती स्वतःच्या. इथे मला घरच्यासारखं वाटतं. साधारण मे महिन्यात त्यांचा ग्रीक ज्यू फेस्टिव्हल असतो, गाणी, नाच, खाणं. एरवी रविवारी संग्रहालय उघडं असतं. एल्ड्रिजहून चालत दहा-बारा मिनिटं.

चहाबाज
हे छान सुचवलंत. नॉरफोक स्ट्रीटवर एंजल ओरेन्सान्झ सेंटरही आहे, १८४९ ची इमारत, शिल्पकाराने घेऊन कलाकेंद्र केलेलं. पण तिथे भाड्याने दिलेले समारंभच जास्त, त्यासाठी मुद्दाम जाऊ नका.

पोटोमॅककाठ
वॉशिंग्टनला आलात तर सिक्स्थ अँड आय बघा. १९०८ चं सिनेगॉग, मध्ये पन्नास वर्षं चर्च होतं, नंतर नाइटक्लब होता होता वाचलं. लेखकांची भाषणं, मैफली सतत. तिकिटं मात्र लवकर संपतात.

रेवदंडेकर_जर्सी
मैफलच ठरवतो, आणि त्याच दिवशी यानिना. रस्त्यावरच्या फेस्टिव्हलला मी आणि बाबा जाऊ. ट्रेनने आईला जमेल का?

मंद्रसप्तक
ग्रँड स्ट्रीट, ईस्ट ब्रॉडवे, दोन्ही स्टेशनांवर जिने आहेत. त्यापेक्षा नेवार्कहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि पुढे टॅक्सी. गाडी नेऊ नका, चायनाटाउनात रविवारी पार्किंग म्हणजे डोक्याला ताप. सिनेगॉगमध्ये लिफ्ट आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि कार्यक्रम मुख्य सभागृहात आहे की खाली, तेवढं पाहून घ्या. खालच्या व्याख्यानाला आई जांभया देतील.