'कोर्स फिशिंग'ला मराठीत काय म्हणावं?

टेम्सकाठी: मी रेडिंगला राहतो. ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याचं मे उजाडला की कामात लक्ष नसतं. इंग्लंडातल्या नद्यांमध्ये १५ मार्च ते १५ जून 'कोर्स' (coarse) मासे धरायला बंदी, विणीचा काळ म्हणून. १५ तारखेच्या रात्री बारा वाजले की बंदी उठते, आणि हा पठ्ठ्या तेव्हा अंधारात केनेट नदीच्या काठावर असतो. त्याच्यावर लिहितोय आणि दोन ठिकाणी अडलोय. 'कोर्स फिशिंग'ला 'भरड मासेमारी' चालेल? आणि या वाट बघण्याला काय म्हणू? 'प्रतीक्षा' पुस्तकी वाटते, 'उत्सुकता' पातळ.

जातं: भरड नको. जात्यावर जाडसर दळलेलं ते भरड. 'भरड धान्य' खपून गेलं, कारण तिथे निदान दाणा आहे. इथला 'कोर्स' म्हणजे सामान्य, रोजचा. सामन आणि ट्राउट हे मानाचे 'गेम' मासे. रोच, ब्रीम, टेंच, बार्बेल, पाइक वगैरे उरलेली प्रजा 'कोर्स'. खवले जाड म्हणून कोर्स, असंही कोणी सांगेल. पण टेंचचे खवले इतके बारीक की मासा हातातून निसटतो, आणि ती व्युत्पत्तीही.

खाडीवरचा: मला 'मासेमारी'च खटकतं. हे लोक मासा धरून बहुतेक वेळा परत पाण्यात सोडतात ना? मग मारी कसली? आमच्या कोकणात गळाने मासे धरणं म्हणजे गरवणं. गरी घेतली की 'गरवूक' निघालो. जाळं टाकणारा गरवत नाही. तेव्हा 'नदीतलं गरवणं' लिहा. (आम्ही मात्र संध्याकाळच्या कालवणासाठी गरवतो, सोडायला नाही.)

गंमत बघा. जूनमध्ये त्यांची नदी उघडते, तर आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. आणि पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे आपण नेमके तेव्हाच धरतो, पोटात गाबोळी असताना. हे सहकाऱ्याला सांगू नका.

जातं: वाट बघण्याला 'वेध' आहे की. त्याला सोळा जूनचे वेध लागलेत.

खाडीवरचा: लग्नाचे वेध, गावचे वेध, सगळ्यांनाच लागतात. त्यात बंदी कुठे आली?

जातं: मुळात बंदीच आहे. ग्रहणाच्या आधी वेध लागतात, तेव्हा जेवायचं नाही. पाळायचं आणि घड्याळाकडे बघायचं. फक्त तिकडे वेध सुटले की ग्रहण नाही, थेट मोक्ष.

टेम्सकाठी: 'वेध' पक्का! 'पाळणं' तर फारच चपखल बसतं. ही बंदी १८७८च्या कायद्यापासूनची; १९९५मध्ये बहुतेक तळ्यांवरची उठली. म्हणजे एप्रिलमध्ये तो तळ्यावर खुशाल बसू शकतो. बसत नाही. रिळाला तेल देतो, दोरा बदलतो, रविवारी नुसता काठाने फिरून येतो. विचारलं तर म्हणतो, तळ्याला सोळा तारीख नसते.

आता शेवटचं एकच अडलंय. टेंच तळाचा गाळ उकरत चरते तेव्हा पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा पुंजका येतो आणि तो दिसला की याचा श्वास अडकतो. खाडीवरचे, त्याला तुमच्याकडे काही शब्द आहे का?