नववीच्या इंग्रजी निबंधातली प्रत्येक चूक लाल करायची का?

सक्करदऱ्याच्या मॅडम

नमस्कार. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. हे तेरावं वर्ष. नववी ब मध्ये 54 मुलं आहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली, त्यावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलीने दीड पान लिहिलं. इतवारीतल्या मावशीच्या गच्चीवरून दिसलेली काळी आणि पिवळी मारबत, बडगे, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" हा ओरडा, गर्दीत हरवलेली धाकट्या भावाची चप्पल, सगळं त्यात होतं. पण दीड पानात फुलस्टॉप दोनच. 'आय' सगळीकडे छोटा, आर्टिकल कुठेच नाही, टेन्स एका ओळीत भूतकाळ तर पुढच्या ओळीत वर्तमान. मी नेहमीसारखी लाल पेन घेऊन बसले आणि खुणा करत गेले. 41 झाल्या. मी मोजल्या नव्हत्या, तिने मोजल्या.

पुढच्या निबंधात तिने चार वाक्यं लिहिली, चारही बिनचूक. मी विचारलं, एवढंच का गं? तर म्हणाली, "कमी लिहिलं का कमी चुकते नं मॅडम."

तेव्हापासून मला वही तपासताना ते वाक्य आठवतं. ती मुलगी हुशार आहे, तिच्याजवळ सांगायला खूप आहे, आणि तिचं लिहिणं मी माझ्या पेनाने थांबवलं.

माझी अडचण अशी की वह्यांच्या तपासणीत चूक सुटलेली दिसली तर शेरा मला मिळतो. पालकसभेतही "मॅडम, इथे चूक होती, तुम्ही बरोबरची खूण केली" असं ऐकावं लागतं. दुसरीकडे फळ्यावर आर्टिकल शिकवलं की घटक चाचणीत हीच मुलं रिकाम्या जागा बरोबर भरतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या निबंधात एकही आर्टिकल नसतं. मग नियमांचा वेगळा तास घ्यावा की नाही? आणि वहीत कोणती चूक धरायची, कोणती सोडायची? अनुभवाने सांगा.

निवृत्त मास्तर, वर्धा

मॅडम, रिकाम्या जागांचं तुम्ही जे लिहिलं ते जुनं दुखणं आहे आणि फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत जॉर्ज हिलॉक्स यांनी लेखन शिकवण्याच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून 1986 मध्ये मांडले. नुसतं व्याकरण वेगळं काढून शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, असं त्यात दिसलं. लहान वाक्यं जोडून मोठं वाक्य बनवण्याच्या सरावाचा मात्र उपयोग होतो. हे मी वाचलं तेव्हा माझी नोकरी निम्मी झाली होती, आणि मला फार वाईट वाटलं होतं.

फुलस्टॉपबद्दल एक सांगतो. मुलं हलगर्जीपणा करतात असं समजू नका. आपल्या जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. आज मराठीत जी विरामचिन्हं आहेत ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजीतून आली. ती रुळली, पण मराठीची लय वेगळीच राहिली. "पाऊस आला, आम्ही खाली पळालो, भाऊ रडायला लागला" असं स्वल्पविराम देत गेलं तरी मराठीत कानाला खटकत नाही. इंग्रजीत तसं जोडलं तर चूक ठरते. तिथे एकतर फुलस्टॉप हवा, नाहीतर 'अँड', 'सो', 'बट' असा जोडशब्द हवा. कॅपिटलचंही तेच. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच, मग 'आय' मोठा का, हे मुलाला आपोआप कसं कळेल? हा फरक मुलांना सांगा. मी सांगत असे, आणि मुलं लक्ष देऊन ऐकत.

एका निबंधात एकच गोष्ट धरा आणि ती आधीच जाहीर करा.

कामठी रोड

मीही नववीलाच शिकवतो. एका पद्धतीचा मला खूप फायदा झाला.

प्रमाण मराठीत "मी शाळेत जातो" हे रोजचंही असतं आणि आत्ताचंही चालून जातं. म्हणून मुलं 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांत घोळ करतात. पण आपल्या नागपुरी बोलीत हा फरक स्वच्छ आहे. "मी रोज शाळेत जातो", आणि रस्त्यात कोणी विचारलं तर "शाळेत जाऊन राहिलो". मी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहितो आणि विचारतो, राहिलो कधी म्हणता? सगळा वर्ग एकदम सांगतो. मग म्हणतो, जिथे राहिलो तिथे 'ॲम' आणि 'आयएनजी'. त्या दिवशी शेवटच्या बाकावरचे पोट्टेही हात वर करतात. पोरांच्या तोंडची बोली "अशुद्ध" म्हणून वर्गाबाहेर काढू नका, त्यात आपल्या कामाचं खूप आहे.

एक ठिकाण सांभाळायचं. "मले समजून राहिलं" यावरून मुलं 'आय ॲम अंडरस्टँडिंग' लिहितात. समजणे, माहीत असणे, हवं असणे अशा, सहसा 'आयएनजी' न लागणाऱ्या क्रियापदांची छोटी यादी भिंतीवर लावून ठेवा.

आर्टिकलसाठी आजीची गोष्ट पुरते. "एका गावात एक म्हातारी होती. म्हातारीजवळ एक कोंबडी होती." जिथे आजी 'एक' म्हणते तिथे 'अ' किंवा 'ॲन'. तीच म्हातारी पुन्हा आली की 'द'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण निबंधातल्या बऱ्याच जागा सुटतात.

बुटीबोरी

मी शिक्षक नाही. मराठी माध्यमातून दहावी झालो, आता एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. मॅडम, चुका सोडा असं सगळे म्हणतील, म्हणून माझं ऐका.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साहेबांना मेल केला होता, 'सप्लायर सेड दॅट आय विल सेंड द मटेरियल ऑन मंडे'. माझ्या डोक्यात मराठी होतं, "सप्लायर म्हणाला की मी सोमवारी माल पाठवतो". आपल्याकडे तो 'मी' सप्लायरचा असतो. साहेबांनी वाचलं की माल मी पाठवणार आहे. सोमवारी सगळ्यांसमोर विचारणा झाली आणि मला माझी चूक काय तेच कळेना. शाळेत माझ्या वहीत स्पेलिंगखाली पुष्कळ लाल रेघा असायच्या, पण या चुकीखाली कोणी कधी रेघ मारली नाही. अर्थ बदलणारी चूक सोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

सक्करदऱ्याच्या मॅडम

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे करून बघितलं, म्हणून पुन्हा लिहिते.

पहिले दोन आठवडे फक्त फुलस्टॉप आणि त्यानंतरचं कॅपिटल. फळ्यावर तारीख घालून लिहिलं, "या निबंधात एवढंच तपासणार", आणि मुलांनी ते वहीत वरच्या ओळीत उतरवलं. त्यामुळे मुख्याध्यापकांनाही कळलं की बाकीच्या चुका नजरचुकीने सुटलेल्या नाहीत. त्यांनी या सत्रापुरतं चालेल म्हटलं. तपासून व्हायच्या आधी मुलं जोडीने वाचतात. एकाने वाचायचं, वाक्य संपलं वाटलं की दुसऱ्याने बाकावर टिचकी मारायची. वर्गात गोंगाट होतो, पण टिचकी आणि फुलस्टॉप जुळत नाही ते त्यांचं त्यांनाच दिसतं. एका वहीला दहा मिनिटं धरली तरी 54 वह्यांचे नऊ तास व्हायचे. आता निम्म्यात होतं, आणि उरलेल्या वेळात मी वाचते, खरंच वाचते.

त्या मुलीने वडिलांच्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर 14 वाक्यं लिहिली. दोन ठिकाणी फुलस्टॉप राहिला. आर्टिकल अजून नाहीत, ती मी या वेळी सोडली. समासात फक्त प्रश्न लिहिला, सकाळी नऊपर्यंत किती प्लेटा जातात? तिने खाली आणखी पाच ओळी लिहून वही परत दिली.

बुटीबोरीच्या दादांचं मात्र मनाला लागलं. मी वर्गात "बाबा म्हणाले की मी उद्या येतो" हे वाक्य इंग्रजीत लिहायला दिलं. 54 पैकी 39 जणांनी 'आय' लिहिलं, म्हणजे बाबांऐवजी मुलंच उद्या येणार. इतकी वर्षं मी डायरेक्ट-इनडायरेक्ट नियमांच्या तक्त्यावरून शिकवत आले, आणि मराठीत हा 'मी' कोणाचा असतो ते एकदाही बोलले नाही. आता दोन मुलांना पुढे बोलावून निरोप पोचवायला लावते आहे, एकाने सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला इंग्रजीत कळवायचं. सर्वनाम बरोबर यायला लागलंय. 'कम'चं 'वुड कम' का होतं, तिथे मात्र मुलं अडतात, कारण आपण मराठीत तो काळ बदलतच नाही. यावर कोणी वर्गात काही केलं असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी लिहा.