कास पठार : कुंपण गेले, पण गुरांचे काय?

प्रश्न – सातारकर

नमस्कार. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत आमचे कास पठारही आहे. गर्दी आवरण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले, माणसांबरोबर गुरांचीही वाट बंद झाली, आणि पुढे ते कुंपण काढूनही टाकण्यात आले. मी गेली वीस वर्षे दर सप्टेंबरात तिथे जातो. पूर्वी गेंद या रानफुलाच्या पांढऱ्या गुंड्यांनी भरून जाणारे काही तुकडे आता गुडघाभर गवताखाली गेलेले दिसतात. हा चराई थांबल्याचा परिणाम मानावा का, आणि तसे असेल तर गुरे पुन्हा सोडणे योग्य ठरेल का?

उत्तर – जांभा

ही तक्रार मी इतरांकडूनही ऐकली आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, अनेकदा गेलो आहे. कातळावर मातीचा थर कुठे कुठे जेमतेम बोटभर असतो. सीतेची आसवे ही वीतभरही न वाढणारी वनस्पती तिथे तग धरते, कारण उंच गवताला तेवढ्या मातीत मूळ धरता येत नाही. पोषण इतके तुटपुंजे की ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडून नत्राची उणीव भरून काढते. जिथे माती थोडी खोल आहे तिथे मात्र गवत वरचढ ठरते, आणि ते खाणारे तोंडच नसेल तर वाळलेल्या थराखाली लहान रोपांना ऊन मिळत नाही. तरीही सरसकट चराईला माझा विरोध आहे, कारण ऐन फुलोऱ्यात खुरांनीही नुकसान होईलच. बी झडल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, ठरावीक तुकड्यांत गुरे चारावीत आणि शेजारचा तुकडा तसाच राखून तीन-चार वर्षे मोजदाद करावी.

उत्तर – घाटाई

मी पठाराखालच्या गावातली आहे. सरांचे बाकी म्हणणे पटते, पण दिवाळीनंतर सड्यावरच्या गवताची काडी झालेली असते. जनावर त्याला तोंड लावत नाही. आमची माणसे पहिल्या पावसानंतर गवत कोवळे असताना गुरे वर नेत आणि भातलावणीच्या सुमारास खाली आणत. गावांच्या समितीमार्फत पावत्या फाडण्याचे, वाहनतळाचे, गाईडचे काम मिळते, ते नाकारता येणार नाही; परंतु ते हंगामापुरते, दीड-दोन महिन्यांचे. गुरे बारा महिन्यांची होती. पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून सफाई आणि राखण होते, मग त्यातलाच काही भाग गुराख्याच्या मजुरीसाठी का ठेवू नये?

उत्तर – जांभा

ताई, ही दुरुस्ती मला मान्य आहे. मी झाडांचे वेळापत्रक पाहिले, गुरांचे नाही. जून-जुलैतल्या चराईने गवताची वाढ सुरुवातीलाच रोखली जाईल, मात्र फुलोरा येण्याआधी गुरे खाली उतरलीच पाहिजेत. आपल्या वाडीत आज वर नेण्याजोगी किती जनावरे आहेत?

उत्तर – घाटाई

आमच्या घरी अकरा होती, आता एक म्हैस आहे आणि ती दावणीलाच असते. साऱ्या वाडीत मिळून दोन घरांत बैलजोडी उरली आहे, आणि सड्यावरच्या पाणवठ्यांची नावे सांगू शकणारा गुराखी एकच. तो सत्तरीच्या पुढे आहे. प्रयोग करायचा असेल तर येत्या पावसाळ्यातच करावा लागेल.