महिना उलटला, बिअर अजून फर्मेंटरमध्येच. ओतून देऊ?

कडूहॉप्स
मंडळी, घरी २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) लावली होती. दोन आठवड्यांनी बाटल्या भरायचा बेत होता, पण मध्येच बाहेर जावं लागलं आणि आता महिना उलटून गेलाय. फर्मेंटर म्हणजे प्लास्टिकची बादलीच आहे, झाकण अजून उघडलेलं नाही. एअरलॉकमधलं (झाकणावरची नळी, गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) पाणी पार तळाला गेलंय. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबली की उतरते) १.०५० होती. तळाच्या यीस्टच्या गाळावर इतके दिवस राहिली की बिअरला मांसासारखा वास लागतो म्हणतात. ओतून द्यावी का? आणि भरली तर बाटलीत गॅस धरेल का?

मुरलेला
ओतायची घाई कशाला? आधी एअरलॉकमध्ये सॅनिटायझर भरा, बाकी सगळं नंतर. तो कोरडा पडला की हवा थेट आत. बिअरचा खरा वैरी गाळ नाही, ऑक्सिजन आहे.

मांसाच्या वासाचा हा बागुलबुवा मोठ्या ब्रुअऱ्यांकडून आलाय. तिथल्या टाक्या उंच, वरच्या बिअरचा सगळा भार टाकीच्या तळाच्या शंकूतल्या गाळावर पडतो आणि गाळाच्या पोटात उष्णता कोंडते. मग यीस्टच्या पेशी फुटून आतला ऐवज बिअरमध्ये उतरतो. यालाच ऑटोलायसिस म्हणतात. तुमच्या बादलीत गाळ तळाला बोटभर पसरलाय, त्याच्यावर कसला आलाय दाब! महिनाभर एल गाळावर राहिली म्हणून बिघडत नाही. उलट लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास राहिला असेल, तर यीस्ट तो एवढ्या दिवसांत बऱ्यापैकी निस्तरतं. मी तर दोन आठवड्यांत भरणाऱ्यांनाच जास्त टोकतो.

आता नळातून नमुना काढा, हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी मोजा आणि तोच नमुना पिऊन बघा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा हलला नाही तर आंबण्याचं काम झालं. एअरलॉकमधल्या बुडबुड्यांवर जाऊ नका, ते तापमान बदललं तरी येतात. भरताना झाकण काढाल तेव्हा आत बघा. कडेला तपकिरी खरवड चिकटलेली असेल ती फेसाची, घाबरू नका. पण पृष्ठभागावर पांढुरकी, सुरकुतलेली साय धरली असेल तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरलेत, मग इथे फोटो टाका.

थंडडोकं
मुरलेला, सगळं मान्य, पण तापमान विचारलंच नाहीत. १८–२० अंशांत महिना म्हणजे काहीच नाही. खोली तिशीत असेल तर मी इतका निर्धास्त राहणार नाही. सोया सॉस किंवा जळक्या रबराची चव लागली तर मात्र ती बिअर सुधारत नाही.

फेसबहाद्दर
गॅस धरेल. बिअर नितळ दिसली तरी यीस्ट तरंगत असतंच, महिन्याने संपत नाही. कित्येक महिने राहिली असती तर चिमूटभर ताजं यीस्ट घाला म्हटलं असतं. बाटलीत गॅस धरायला साखर लिटरला साधारण ६ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. २० लिटरचा हिशेब धरू नका, गाळ वगळून हाती येईल तेवढ्याचाच करा. आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय भरलीत तर बाटल्या फुटतात, ही थट्टा नाही.

कडूहॉप्स
खोली एकोणीसच्या आसपास असते. १.०११ आला होता, आज पुन्हा तेवढाच. चव चक्क चांगली आहे, मांसबिंस काही नाही. फक्त हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) वास मंदावलाय. वरून थोडे सुके हॉप्स टाकू का?

मुरलेला
नका टाकू. वास उडणारच होता, तो दिवसांचा हिशेब. हॉप्ससाठी झाकण उघडून आणखी हवा कशाला घ्यायची? उद्या भरून मोकळे व्हा. नळी बाटलीच्या तळाला टेकवा, खळखळाट होऊ देऊ नका, आणि शेवटचा गढूळ लिटरभर बादलीतच सोडा.